नववीत घुंगरू सोडायला लावू नका : बडोद्यातील माध्यमिक शाळांच्या चालकांना खुले पत्र

बडोद्यातील माध्यमिक शाळांचे विश्वस्त, मुख्याध्यापक आणि मुख्याध्यापिका यांस,

स. न. वि. वि.

माझ्या वर्गातल्या कपाटाच्या खालच्या फळीवर घुंगरांचे चौदा जोड पडून आहेत. ज्या मुलींचे ते आहेत, त्या सगळ्या नववीत गेल्यावर यायच्या थांबल्या. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आई येते, वर न येता जिन्यातच उभी राहते आणि म्हणते, "ताई, आता दोन वर्षं नको. दहावी झाली की पाठवते." घुंगरू घेऊन जा म्हटलं तर म्हणते, राहू देत, परत यायचंच आहे. गेली सव्वीस वर्षं मी दांडिया बाजारात भरतनाट्यम शिकवते आहे. दहावीनंतर खरोखर परत आलेल्या मुली मोजायला मला एका हाताची बोटं पुरतात.

या आयांवर माझा राग नाही. त्यांच्यापुढे शाळेचं वेळापत्रक असतं आणि त्यात नृत्याचा तास नसतो. जे शाळेत मोजलं जात नाही, ते परीक्षेच्या वर्षी सगळ्यात आधी सुटणार. म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. तुमच्यापैकी काहीजण माझ्या शेजारपाजारचे आहात, काहींच्या मुली माझ्याकडे शिकून गेल्या आहेत, तेव्हा आडपडदा ठेवत नाही. नववी आणि दहावीत नृत्य हा विषय म्हणून शिकवा. आठवड्याला तीन तास द्या, त्यातले दोन सलग. वर्षभरासाठी नेमलेला शिक्षक असू द्या. मुलांना वही असू द्या, परीक्षा असू द्या, प्रगतिपुस्तकात ओळ असू द्या.

"आमच्याकडे नृत्य आहेच की, वार्षिकोत्सव बघायला या," असं मला नेहमी सांगितलं जातं. वार्षिकोत्सव मी बसवलेलेही आहेत. एका शाळेत (नाव लिहीत नाही) मला अकरा दिवसांत चाळीस मुलं तयार करायला सांगितलं होतं. गाणं आधीच ठरलेलं, कपडे भाड्याने आधीच आणलेले. सरावाला दिलेल्या खोलीत चौथ्या दिवशी परीक्षेचे बाक रचून ठेवले आणि आम्ही सायकलींच्या शेडमध्ये गेलो. कार्यक्रम छान झाला, टाळ्या पडल्या. पण त्या अकरा दिवसांत मुलांनी काय शिकलं असं कोणी विचारलं असतं, तर मला उत्तर देता आलं नसतं. पुढे उभ्या असलेल्या मुलीचं बघून हात हलवायचे, एवढंच त्यांनी केलं. गणिताचा शिक्षक वर्षातून अकरा दिवस बोलावला आणि शेवटी मुलांनी पाढे सुरात म्हणून दाखवले, तर त्याला आपण गणित शिकवणं म्हणू का?

मग वर्षभर शिकवायचं ते काय? हे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण बहुतेक विश्वस्तांनी नृत्याचा वर्ग आतून पाहिलेला नसतो. दोष त्यांचा नाही, आम्हीच कधी दार उघडून दाखवलं नाही.

तालापासून सुरू करते. आमच्याकडे तालाच्या पाच जाती, म्हणजे अक्षरांचे गट, असतात : तिश्र तीन अक्षरांची, चतुश्र चार, खंड पाच, मिश्र सात आणि संकीर्ण नऊ. एकदा मी मुलांना हाताने चार-चारचा ताल धरायला लावला आणि पायाने पाच-पाचचा बोल. पहिल्या खेपेला सगळ्यांची तारांबळ उडाली. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "ताई, विसाव्या अक्षराला सगळं संपतं आणि हात-पाय पुन्हा एकत्र सुरू होतात. हा तर लसाअ आहे." ती गुजराती माध्यमाची. शेजारचा मराठी घरात वाढलेला मुलगा म्हणाला, "लसावि." दोघांनी सहावीत तो वहीत सोडवला होता, आता तो त्यांच्या तळपायाखाली सापडला. कथकच्या तिहाईतही, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, येण्यातही हेच आहे. पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा थांबा, पुन्हा पाच, पुन्हा एक, पुन्हा पाच. बेरीज सतरा. तीनताल सोळा मात्रांचा, म्हणजे समेवरून उचललं तर सतरावी मात्रा ही पुढची सम. थांबा दोन मात्रांचा केला तर तिहाई कुठून उचलायची? हा प्रश्न नववीच्या मुलांना द्या आणि त्यांचे चेहरे बघा. तोंडाने बोल, हाताने ताल आणि डोक्यात उलटी मोजणी असे तिन्ही व्यवहार एकदम चालू असतात.

शरीराबद्दल बोलायला आपल्याकडे संकोच असतो, तरी लिहिते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलीचे खांदे पुढे यायला लागतात. अंग वाढत असतं, लोकांची नजर नको असते, म्हणून पाठ वाकते आणि दप्तर छातीशी धरलं जातं. हेच नववीचं वर्ष. ज्या वर्षी तिला आपल्या शरीराशी मैत्री करायला कोणीतरी शिकवायला हवं, नेमक्या त्याच वर्षी आपण तिचा वर्ग बंद करतो. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसताना, कणा ताठ लागतो, मान मोकळी लागते. गुडघे बाहेर वळतात ते खुब्यातून वळले पाहिजेत. खुबा न वळवता नुसती पावलं फिरवली तर गुडघ्याला पीळ बसतो आणि पुढे आयुष्यभर दुखतो. हाडं-स्नायू विज्ञानाच्या पुस्तकातही असतात, पण आपला खुबा कुठे आहे हे दहावी झालेल्या किती मुलांना बोट ठेवून दाखवता येईल? पाळीच्या दिवसांत उड्या मारायच्या की नाही, हेसुद्धा मुली मला विचारतात. घरी विचारता येत नाही आणि शाळेत विचारायला कोणी नसतं.

आता रचनेबद्दल. नृत्य म्हणजे ताईने दाखवलेलं तसंच्या तसं करणं, असा समज आहे आणि आम्ही शिक्षकांनी तो पोसलाही आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, ते तुम्ही सगळ्यांनी भोगलं आहे. त्या दिवाळीच्या सुटीत मी आठवी-नववीच्या मुलांचं छोटं शिबिर घेतलं. चार-चारचे गट केले आणि सांगितलं, दोन मिनिटांचं काहीतरी पुरावर बसवा, गाणं नाही, फक्त बोल. एका गटाला नदीतली मगर दाखवायची होती. त्यांनी हस्तमुद्रांची यादी काढली. अभिनयदर्पण या जुन्या नृत्यग्रंथात संयुत हस्तांमध्ये, म्हणजे दोन हातांच्या मुद्रांमध्ये, मत्स्य आहे, कूर्म आहे, वराह आहे, पण मगर नाही. मग मत्स्याचेच हात थोडे लांब-अलग करून, बोटं किंचित वाकवून त्यांनी स्वतःची मगर केली. आधी एक मुलगा पोटावर सरपटत यायचा आणि बघणारी मुलं हसायची. दोन दिवस खल करून त्यांनी सरपटणं काढून टाकलं. नुसते हात पाण्याच्या उंचीवर स्थिर ठेवले आणि बाकीचे तिघे त्या हातांकडे बघत मागे सरकले. आता कोणी हसेना.

दुसऱ्या गटात एक मुलगी होती, जिच्या घरच्यांनी दोन रात्री गच्चीवर काढल्या होत्या. बाकीच्या तिघी आदितालात पाणी चढवत होत्या, आधी पावलांशी, मग गुडघ्यांशी, मग कमरेशी. ही मात्र चार आवर्तनं, म्हणजे बत्तीस मात्रा, एका जागी बसून एकाच दिशेला बघत राहिली. संपल्यावर वर्गात भांडण झालं. हे नृत्य आहे का? ती तर हललीच नाही. एकजण म्हणाली, तिघी हलत होत्या म्हणून तिचं न हलणं दिसलं. चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मी सव्वीस वर्षं थांबले होते. असं वाक्य अकरा दिवसांच्या सरावातून निघत नाही, आणि दहावी उरकल्यावर उरलेल्या वेळेतून तर नाहीच नाही.

लेखी अभ्यासालाही साहित्य भरपूर आहे. नाट्यशास्त्र एका हाताच्या मुद्रा चोवीस सांगतं, अभिनयदर्पण अठ्ठावीस. दोन ग्रंथांत फरक का पडला असेल? भोंडला मधोमध मांडलेल्या हत्तीभोवती फिरतो आणि गरबा छिद्रांच्या घटातल्या दिव्याभोवती. आश्विनात एकाच गल्लीत आमच्या घरच्या मुली संध्याकाळी भोंडला खेळून रात्री गरब्याला जातात. दोन्ही फेर एकाच महिन्यात, दोन्ही गोल. मध्यभागी काय ठेवलं आहे त्याने फेराचा अर्थ बदलतो का? गरब्याच्या बे ताळी आणि त्रण ताळीत, म्हणजे दोन आणि तीन टाळ्यांच्या फेरात, वजन कोणत्या पायावर असतं? २०१३ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या छोटा उदेपूरचे राठवा आदिवासी होळीला नाचतात, त्यांची रांग आणि आपला फेर यांत काय वेगळं आहे? २०२३ मध्ये गुजरातचा गरबा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने एकमेकांना संदेश पाठवले. त्या गरब्याबद्दल आपल्या माध्यमिक शाळांतली मुलं काय शिकतात, ते तुम्हीच मला सांगा.

आणि हे शहर बडोदं आहे. इथे हे मागावं लागतं, याचंच मला वाईट वाटतं.

सयाजीराव महाराजांचं लग्न १८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झालं. बडोद्यात त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्या आंदणाबरोबर तंजावरहून नर्तकी, नट्टुवनार (नृत्यगुरू) आणि वादक इथे आले. त्यांतल्या दोन नर्तकींची नावं गौरा आणि कांतिमती. भरतनाट्यम हे आपलं नाही, दक्षिणेचं आहे, असं मराठी पालक मला सांगतात, तेव्हा मी त्यांना तंजावरची गोष्ट सांगते. व्यंकोजीराजांच्या वंशातल्या दुसऱ्या सरफोजींच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना हा आजचा क्रम त्यांनी घालून दिला असं आम्ही शिकतो. खुद्द सरफोजींच्या नावावर 'देवेंद्र कोरवंजी' हे मराठीतलं नृत्यनाट्य आहे आणि त्यात पदांमधून सांगितला आहे तो जगाचा भूगोल. दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाला भूगोल नाचातून शिकवता येईल असं वाटलं होतं.

त्या कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर. आईची विद्या त्यांनी पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवली. दरबारातून सुटलेली ही कला विद्यापीठाच्या वर्गात आली, ती इथे, सूरसागर तलावाच्या काठावर. १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेचं रोप तिथेच वाढलं. १९४९ मध्ये विद्यापीठ झालं, हंसाबेन मेहता कुलगुरू झाल्या आणि नृत्यात पदवी देणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या विद्यापीठांत आपलं नाव लागलं. भरतनाट्यमचे नर्तक सी. व्ही. चंद्रशेखर सर इथे प्राध्यापक होते, अधिष्ठाता होते. २०११ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांचं पदव्युत्तर शिक्षण वनस्पतिशास्त्रातलं होतं. "सायन्सला जायचंय म्हणून नाच सोडते" असं मुलगी म्हणाली की मला सर आठवतात.

म्हणजे प्राथमिक शाळेत मुलं नाचतात आणि विद्यापीठात पदवी मिळते. मधली चार वर्षं मात्र कोरडी. सीबीएसईत अकरावी-बारावीला कथक, भरतनाट्यम, ओडिसी, मणिपुरी, कुचिपुडी, कथकली हे ऐच्छिक विषय आहेत. पण नववीत पाय बांधून ठेवलेल्या मुलीने अकरावीत ते कशाच्या जोरावर घ्यायचे? शेजारच्या महाराष्ट्रात शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात. तेही चांगलं आहे, मी नाकारत नाही. तरी त्यात शिकवण्याचा भार आणि फी घरच्यांवरच राहते. ज्यांना खाजगी क्लास परवडतो त्यांच्याच पदरात ते गुण पडतात. शाळेत विषय झाला तर पाणीगेट-वाडीकडच्या रिक्षावाल्याच्या मुलीलाही तो मिळेल, आणि मला सगळ्यात जास्त तीच हवी आहे.

परीक्षा घेणार कशी, गुणांवरून भांडणं होतील, ही शंका रास्त आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिच्या मुलीने सोळाव्या वर्षी जीसीएसईला, म्हणजे तिथल्या दहावीसारख्या परीक्षेला, नृत्य घेतलं होतं. एक्यूए या परीक्षा मंडळाचा तो अभ्यासक्रम तिने मला पाठवला आणि मी तो दोन रात्री वाचत बसले. तीस टक्के नाचण्याला. त्यात आधीच ठरवून दिलेले छोटे तुकडे सगळ्यांनी एकसारखे करायचे, म्हणजे तुलना सरळ होते, आणि शिवाय दोघा-तिघांनी मिळून एक नृत्य. तीस टक्के स्वतः बसवलेल्या रचनेला. उरलेले चाळीस लेखी, दीड तासाचा पेपर. त्यात स्वतःच्या कामाबद्दल आणि नेमून दिलेल्या सहा व्यावसायिक नृत्यरचनांबद्दल लिहायचं. शाळेचा शिक्षक गुण देतो आणि मंडळ ते तपासून घेतं. आपण त्यांच्या सहा रचना उचलायच्या नाहीत, त्या त्यांच्या मंचावरच्या आहेत. आपल्या सहा आपण ठरवू. एक वर्णम, एक कथकची पढंत (तोंडाने म्हटलेले बोल), एक गरबा, एक मंगळागौर, राठव्यांचं होळीचं नृत्य आणि सहावी मुलांनी सुचवलेली. मोजमापाची पद्धत मात्र घेण्यासारखी आहे.

मुलग्यांचं एक सांगायचं राहिलं. नवरात्रात नऊ रात्री मैदानावर जी मुलं गरब्यातल्या दोढियुच्या पावलांनी धूळ उडवतात, तीच मुलं दसऱ्यानंतर नृत्याच्या वर्गाच्या दारातून आत यायला लाजतात. कुबेरनाथ पुरुष होते, चंद्रशेखर सर पुरुष होते, विद्यापीठात कथक शिकवणारे सुंदरलाल गांगाणीजी पुरुष होते. विषय वेळापत्रकात आला की तो सगळ्या वर्गाचा होतो, मग मुलग्याला वेगळं धैर्य गोळा करावं लागत नाही.

खर्चाचं थोडक्यात. आरसे नकोत, झगमगीत कपडे नकोत. एक रिकामी खोली आणि शक्य झालं तर लाकडी जमीन हवी. सिमेंटच्या फरशीवर रोज पाय आपटले की नडगी दुखायला लागते, ही एकच गोष्ट मी हट्टाने मागेन. सुताराकडून एका खोलीपुरतं फळ्यांचं बसकं तळ करून घेता येतं. शिक्षक शोधायला लांब जायला नको. विद्यापीठातून दर वर्षी मुलं-मुली पदवी घेऊन बाहेर पडतात आणि त्यांतले कित्येक संमेलनांच्या हंगामात शाळाशाळांतून तुकड्या-तुकड्यांनी कामं करत फिरतात. त्यांना वर्षभराची नेमणूक द्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांच्यामध्ये कडक भिंती नकोत असं लिहिलेलं आहे, तेव्हा वरून परवानगी नाही म्हणायलाही आता फारशी जागा नाही. मंडळाचा विषय व्हायला वेळ लागेल. तोवर शाळेने आपल्या अंतर्गत मूल्यमापनात तरी सुरुवात करावी.

पुढच्या जूनचं वेळापत्रक एप्रिल-मेमध्ये बसतं, म्हणून आत्ता लिहिते आहे. ज्या शाळेला पहिल्या वर्षी नववीची एक तुकडी घेऊन करून बघायचं असेल, तिथे मी स्वतः यायला तयार आहे. सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत मी मोकळी असते. रावपुरा, मांडवी, बाबाजीपुरा, कुठेही चालत येईन. मोबदला तुमच्या इतर शिक्षकांना तासाला जो देता तेवढाच घेईन. फुकट शिकवणार नाही, कारण फुकटचा तास वेळापत्रकातून सगळ्यात आधी पुसला जातो. येताना तट्टूकळी, म्हणजे ताल वाजवायची काठी, मी घेऊन येईन. खोलीत बाक रचलेले नसावेत, एवढं बघा.

आपली नम्र,
दांडिया बाजारातली एक नृत्यशिक्षिका
बडोदे